पाचवीतल्या मुलासाठी खोडता येणारं पेन: घ्यावं का, घेतलं तर कुठलं?

घाईतली_आई, मुलुंड | १६ जून, रात्री १०:४२

धागा काढण्यास कारण की, आमचे चिरंजीव यंदा पाचवीत गेले आणि पेन्सिल सुटली. शाळेचा नियम: पाचवीपासून निळं पेन. पहिल्याच आठवड्यात मराठीच्या वहीत बाईंचा लाल शेरा आला, "खाडाखोड टाळा. अक्षर सुवाच्य काढा." वही उघडून बघितली तर एका पानावर अकरा ठिकाणी गिरमिट. चुकलेल्या शब्दावर एक रेघ मारून पुढे जायचं, तर तसं नाही. शब्द पूर्ण काळा होईपर्यंत गिरवत बसतो. पान उलटलं की मागून त्याचे उठाव हाताला लागतात. एके ठिकाणी तर चक्क भोक.

चौथीपर्यंत अक्षर वाईट नव्हतं हो. पेन्सिलीने गोल गोल, मोत्यासारखं काढायचा. आता शेजारच्या बाकावरच्या मुलाकडे खोडता येणारं पेन बघून आलाय, टोकाला रबर, घासलं की शाई गायब. तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. नवरोबा म्हणतात घेऊन टाक, पन्नास-शंभर रुपयांसाठी रोज रात्री नाटक नको. सासूबाईंचं म्हणणं, पेन खोडायचं नसतं, म्हणून तर ते पेन.

कुणी वापरलंय का? कुठलं घ्यावं, अक्षर बिघडतं का, कागद फाटतो का, जे सुचेल ते सांगा.

परळकर | १६ जून, रात्री ११:०५

आमच्या वेळी होतं की खोडता येणारं पेन. अर्धा लाल अर्धा निळा खोडरबर आठवतोय का? लाल बाजू पेन्सिलला, निळी बाजू पेनाला. निळ्या बाजूने शाई जायची नाही, कागद जायचा.

कोकणस्थ_पण_उदार | १६ जून, रात्री ११:११

परळकर, दंडवत घ्या. थुंकी लावून निळी बाजू घासणारे आम्हीच ते.

शाईवेडा, ठाणे (मन मुंबईत) | १७ जून, सकाळी ७:२०

माझ्या आवडीचा विषय, त्यामुळे प्रतिसाद लांबणार. आधीच माफी.

"खोडता येणारं पेन" ही एक वस्तू नाही, निरनिराळ्या जाती आहेत आणि दुकानदार सगळ्यांना एकाच नावाने विकतो. सगळ्यात जुनी जात रबरी शाईची. अमेरिकेत १९७९ मध्ये पेपरमेटने इरेझरमेट आणलं, ते हे. शाईत रबरासारखा चिकट पदार्थ असतो, ती कागदाच्या तंतूंत लगेच मुरत नाही, वर बसून राहते. तोवर साध्या खोडरबराने निघते, नंतर पक्की होते. लिहिताना जरा चिकट लागतं, हाताला डाग पडतात.

दुसरी जात जर्मन शाळांतली. तिथे मुलं शाईपेनात रॉयल ब्लू शाई भरतात आणि सोबत एक खोडणारं पेन बाळगतात. त्यातलं रसायन निळ्या रंगाचा रेणूच मोडतं, शाई तिथेच असते पण दिसत नाही. गंमत अशी, की त्या जागेवर पुन्हा तीच शाई लावली तर तीही नाहीशी होते. म्हणून त्या पेनाच्या दुसऱ्या टोकाला वेगळी, न उडणारी निळी शाई दिलेली असते. चूक सुधारायची संधी एकदाच.

तुमच्या मुलाने पाहिलं ती तिसरी जात. उष्णतेने रंग जाणारी शाई. यातलं मूळ प्रसिद्ध नाव पायलट कंपनीचं फ्रिक्सन. कंपनी जपानी, पण पेन आधी २००६ मध्ये युरोपात आलं आणि जपानी दुकानात २००७ मध्ये. शाईचं मूळ संशोधन मात्र १९७० च्या दशकातलं. शाईत दोन-तीन मायक्रॉनच्या बारीक बारीक कुप्या असतात. प्रत्येक कुपीत तिघं राहतात: एक रंग, एक त्याला खुलवणारा जोडीदार, आणि एक मध्यस्थ. पेनाच्या मागचं टोक कागदावर घासलं की घर्षणाने ऊब तयार होते, साधारण ६० अंशांना मध्यस्थ वितळतो आणि जोडी तुटते. रंग दिसेनासा. निवल्यावरही जोडी परत जमत नाही, म्हणून पान कोरं राहतं. पण उणे १० ते उणे २० अंशांपर्यंत थंड केलंत तर जमते आणि लिहिलेलं परत उमटतं!

म्हणजे खोडलेलं जात नाही, लपतं. हे लक्षात ठेवा.

मागचं ते टोक खरं तर आपल्या अर्थाने खोडरबर नाही. कडक असतं, झिजत नाही, भुगा पडत नाही. कागद खरवडला जात नाही, त्यामुळे भोक पडायची भीती पुष्कळ कमी. तोटे: रंग नेहमीच्या जेलपेनापेक्षा फिका आणि रिफिल पटकन संपते, कारण कुप्यांनी जागा खाल्लेली असते. आणि कंपनी स्वतःच सांगते की सही, कायदेशीर कागद आणि परीक्षेच्या उत्तरपत्रिका यांसाठी हे पेन वापरू नका.

घाईतली_आई | १७ जून, सकाळी ७:५५

बाप रे, डबे भरता भरता वाचलं. म्हणजे गरम डबा वहीला लागला तर गृहपाठ उडणार?

शाईवेडा | १७ जून, सकाळी ८:१०

डबा बाहेरून एवढा तापत नाही सहसा. पण चहाचा स्टीलचा पेला गरमागरम थेट पानावर ठेवा, छान गोल कोरं वर्तुळ उमटेल. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर वही राहिली तर मात्र हरी हरी.

सदस्य_क्र_४४१२ | १७ जून, सकाळी ९:३०

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

हॉट_कटिंग, विक्रोळी | १७ जून, दुपारी १:१५

शाईवेडांनी सांगितलं ते आधी कुणी सांगितलं असतं तर माझी एक रात्र वाचली असती.

लेकीचा प्रकल्प, विषय घारापुरीची लेणी. तीन पानं माहिती तिने खोडता येणाऱ्या पेनाने लिहिली, स्केचपेनने त्रिमूर्ती काढली, सुंदर झालं होतं. मी हौसेने म्हटलं, पावसात भिजायला नको, लॅमिनेशन करून आणतो. स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सवाल्याने पान यंत्रात सरकवलं. दुसऱ्या बाजूने त्रिमूर्ती बाहेर आली. माहिती नाही. झेरॉक्सवाला आणि मी एकमेकांकडे बघतोय. तो म्हणाला, "साहेब, तुम्ही असंच दिलं होतं का?"

रात्री नेटवर वाचलं की थंड केल्यावर परत येतं. आमच्या फ्रीजरमध्ये बर्फाचा जाड थर साचलेला, सपाट पान मावेना. मग कोळणीकडून बर्फ आणला, परातीत पसरला, त्यावर ते लॅमिनेटेड पान. तासभर. एक अक्षर आलं नाही. शेवटी लेकीने मार्करने पुन्हा सगळं लिहिलं, माझ्याशी अबोला धरून.

शाईवेडा | १७ जून, दुपारी १:४०

अरेरे. नुसता बर्फ शून्य अंशाच्या खाली नेत नाही हो. कुल्फीवाले माठात करतात तसं बर्फात मूठ-दोन मूठ खडेमीठ घालायला हवं होतं. तापमान शून्याच्या बरंच खाली उतरतं.

हॉट_कटिंग | १७ जून, दुपारी १:४४

आता सांगताय. मीठ घरात होतं हो.

शिवडीची_डावरी | १७ जून, दुपारी ३:०२

डावखुऱ्या मुलांच्या आयांसाठी: जेलसारखी ओली शाई असेल तर हात लिहिलेल्यावरूनच सरकतो आणि सगळं फरफटतं. माझी करंगळीची बाजू दहावीपर्यंत निळी होती. बारीक टोक घ्या, ०.५ मिमीचं, आणि पान थोडं उजवीकडे कलतं ठेवायला शिकवा. बाकी पेन कुठलंही असो. मूल उजवं असेल तर सोडून द्या.

लालबागचा_दुकानवाला | १७ जून, संध्याकाळी ६:२५

ताई, माझं स्टेशनरीचं दुकान आहे, सांगतो ते धंद्याच्या बाजूने पण खरं सांगतो.

शाळा उघडल्या की पहिले पंधरा दिवस रोज दहा-बारा आया हेच पेन मागतात. माल दोन प्रकारचा येतो. एक ब्रँडेड, महाग, त्याची रिफिल वेगळी मिळते. दुसरा अब्दुल रहमान स्ट्रीटवरून डझनावर उचललेला, वर ससा, अस्वल, युनिकॉर्न, आणि डब्यावर पत्ता ना नाव. पोरांना दुसराच हवा असतो. त्याची तक्रार अशी की एका पेनाची शाई घासली की जाते, त्याच डब्यातल्या दुसऱ्याची निळसर सावली राहते. रिफिलच्या मापाचा मेळ नाही, संपलं की पेनच फेका. महिन्यात तीन फेकली तर महागाचं काय वाईट होतं?

घ्यायच्या आधी दुकानातच करून बघा. मुलाच्या वहीचं एक पान सोबत आणा. दुकानातल्या गुळगुळीत पॅडवर सगळीच पेनं चांगली चालतात. त्या पानावर एक ओळ लिहा, दहा आकडे मोजा, मग घासा. सावली राहतेय का बघा आणि पान उलटून बघा. रबर टोपणावर असेल तर टोपण शाळेत हरवणार, मग खोडणार कशाने? रबर बुडाशी असलेलं घ्या. आणि मुलाला हातात धरायला द्या. वरच्या सशाच्या वजनाने पेन मागे कलतं, मूल मग ते घट्ट आवळतं.

व्हाइटनर मागू नका म्हणजे झालं. बाटलीतलं व्हाइटनर-थिनर मुलं हुंगायला लागली म्हणून २०१२ मध्ये केंद्राने त्या बाटल्यांची किरकोळ विक्री बंद केली. पेनासारखं नि टेपचं मिळतं, पण टेपवर पाचवीचं पोर लिहायला गेलं की टेपच उखडते.

गिरगावकर_आजोबा | १७ जून, रात्री ८:५०

अवांतर आहे, हलके घ्या. आमच्या गिरगावात १९३१ साली दांडेकरांनी शाईच्या पुड्या आणि वड्या करायला सुरुवात केली, घोडा छाप. तेच पुढे कॅम्लिन. लहानपणी घरात शाईची वडी पाण्यात विरघळवून दौत भरायची, टाक बुडवायचा. टाकाने लिहिताना दर तीन-चार शब्दांनी हात थांबायचा, कारण शाई संपायची. त्या थांबण्यातच पुढचा शब्द डोक्यात जुळायचा. पेन थांबत नाही हो, हात डोक्याच्या पुढे पळतो. पण आता कोणी दौत घेऊन लोकलमध्ये चढणार नाही, कळतं मला.

निवृत्त_बाई | १८ जून, सकाळी १०:०५

गिरगावकर, थांबण्याबद्दल अगदी बरोबर बोललात.

घाईतली_आई, चौतीस वर्षं प्राथमिकला शिकवलं, त्यातली बरीच चौथी-पाचवीला. पाचवीत अक्षर बिघडलं म्हणून आलेल्या आया मोजल्या नाहीत. पेनाला दोष देण्याआधी दोन गोष्टी बघा.

पहिली, वही. चौथीपर्यंत बहुतेक मुलं दुरेघीत किंवा रुंद ओळीत लिहितात. पाचवीत एकदम एकेरी, अरुंद ओळ येते. म्हणजे पेनही बदललं आणि ओळही, दोन्ही एकाच सोमवारी. तुम्हीआम्ही नवी चप्पल घालून नव्या जिन्यावरून धावू का? घरी सरावासाठी महिनाभर दुरेघीत पेनाने लिहू द्या. शाळेची वही आहे तशी राहू दे.

दुसरी, दाब. पेन्सिलीला कागद धरून ठेवतो, दाबलं की गडद उमटतं. मुलाला सवय दाबायची. बॉलपेनाचा गोळा घसरतो, दाबला की आणखी घसरतो. कान्याची खालची टोकं बाहेर पळालेली दिसतात का? उकार शेपटीसारखे लांबलेत का? मग हात दाबतोय. जेलपेन किंवा शाईपेन दाब मागत नाही, तेवढ्यासाठी बरं. तुमच्या खोडता येणाऱ्या पेनाची शाईही जेलचीच, म्हणजे लिहायला ते वाईट नाही. प्रश्न लिहिण्याचा नाही, खोडण्याचा आहे.

आपली लिपी खोडायला फार अवघड. इंग्रजीत एक अक्षर खोडलं, दुसरं बसवलं, झालं. आपल्याकडे वर शिरोरेषा. "पाऊस"मधला ऊ चुकला म्हणून घासलात की ऊवरची रेघ जाते, पा नि सवरची राहते. मग मूल तो तुकडा जोडायला जातं आणि जोड जाड होतो. जाड दिसला म्हणून पूर्ण शिरोरेषा पुन्हा ओढतं. आता सगळा शब्दच बाजूच्या शब्दांपेक्षा गडद. मग तो आवडत नाही म्हणून सगळा खोडतं. हे मी पेन्सिलीत पाहिलंय, पेनात तेच होईल. एकच उपाय सांगायचे: शब्द पूर्ण लिहा, वाचा, मगच शिरोरेषा द्या. रेघ देण्याआधी चूक सापडली तर खोडणं निम्मं होतं.

आणि हे जून-जुलै. मुंबईच्या हवेत वहीचं पान दमट असतं, हाताला मऊ लागतं. साध्या वह्यांचा कागद ५४ ते ६० जीएसएमचा (चौरस मीटरला एवढे ग्रॅम), म्हणजे पातळच, त्यावर तीनदा घासलं की रोवं उठतात आणि वर लिहिलेलं पसरतं. पेन कितीही जपानी असू दे.

मी असते तर घेऊन दिलं नसतं. पण मी तुमच्या घरात रात्री साडेनऊला नसते.

शाईवेडा | १८ जून, सकाळी १०:४०

बाई, शिरोरेषेचं लाख बोललात. माझं मत शाईपेनाकडे झुकतं, दाब आपोआप सुटतो.

निवृत्त_बाई | १८ जून, सकाळी १०:५२

शाईपेन उत्तम, पण दिवाळीनंतर द्या. धुता येणारी शाई आणि भिजलेलं दप्तर, दोन्ही एका मुलाकडे नकोत. एका मुलीची अख्खी इतिहासाची वही निळं तळं झालेली पाहिली आहे.

चेक_क्लिअर | १८ जून, दुपारी १२:३०

बँकेतली आहे म्हणून सांगते. पेन घ्या नाहीतर नका घेऊ, पण मुलाचं ते पेन घरातल्या मोठ्या माणसांच्या पेनांत मिसळू देऊ नका. दिसायला साधं निळं जेलपेनच. घाईत त्याने चेक लिहिलात तर रक्कम आणि नाव कोणीही घासून बदलू शकतं, तुमची सही मात्र खरीच. उलट बाजूने, काउंटरवर अनोळखी माणूस "घ्या माझं पेन" म्हणाला तर हसून नको म्हणा. शाळेच्या प्रवेशाचे, पासपोर्टचे अर्ज, सगळ्याला लागू.

कोकणस्थ_पण_उदार | १८ जून, दुपारी १२:४१

अशी शंका आली. बाईंनी वही तपासून चूक दिली, मार्क कापले, वही परत आली. पोराने उत्तर घासून बरोबर लिहिलं आणि म्हणालं "बाई, माझं तर बरोबर आहे." बाईंची लाल शाई तशीच, याची निळी बदलली. मग?

परळकर | १८ जून, दुपारी १२:४५

तुमचं बालपण कसं गेलं ते कळलं.

कोकणस्थ_पण_उदार | १८ जून, दुपारी १२:४६

हलके घ्या हो. पण शंका रास्त आहे.

घाईतली_आई | १९ जून, रात्री १०:१५

सगळ्यांचे मनापासून आभार. घेतलं. बाई रागावू नका. दुकानवाल्या दादांनी सांगितलं तसं वहीचं पान घेऊन दादरला छबिलदास गल्लीपर्यंत गेले, तीन पेनं पानावर चालवून पाहिली. एकाची सावली राहिली, एकाचं टोक फारच बारीक, करकरत होतं. ०.७ चं, बुडाशी खोडणारं टोक, रिफिल मिळणारं, कुठलाही प्राणी नसलेलं घेतलं. चिरंजीव युनिकॉर्नसाठी थोडे हिरमुसले होते, पण लोकलमध्येच माझ्या तिकिटाच्या मागे लिहून खोडून झालं. पेनावर त्याच्या नावाचं स्टिकर लावलंय, बँकेच्या ताईंचं ऐकून.

एक आठवडा वापरून सांगते.

हॉट_कटिंग | २ जुलै, दुपारी ४:००

झाला ना आठवडा? चिकटवून ठेवलेला धागा आहे हा माझ्यासाठी.

घाईतली_आई | २७ जुलै, रात्री ११:३०

उशीर झाला, आधी चांगलं सांगते. वही स्वच्छ दिसायला लागली. गिरमिट बंद. बाईंनी एकदा "छान" लिहिलं. मी मनात म्हटलं, सुटलो.

पण गृहपाठ संपेना. एका पानाला आधी वीस मिनिटं लागायची, आता तास. मागच्या आठवड्यात निबंध होता, माझा आवडता महिना. साडेआठला बसला तो दहाला अर्ध्या पानावर. मी स्वयंपाकघरातून ऐकतेय, घसघस, फुंकर, घसघस. पान हातात घेतलं तर शेवरीसारखं मऊ झालेलं. आणि मला कोकणस्थांची ती शंका आठवली. काय खोडतोय हा एवढं? जुनी उत्तरं बदलतोय का? विचारलं तर "काही नाही गं".

तो झोपल्यावर वही घेतली, झिपच्या पिशवीत घातली आणि डीप फ्रीजरमध्ये मटारच्या पाकिटावर आडवी ठेवली. नवरोबांना पाणी हवं होतं, फ्रीज उघडून म्हणाले, "याला काय झालं?"

सकाळी साडेपाचला काढली. खरंच आलं होतं सगळं परत. शाईवेडा, तुम्ही म्हणाला होतात लपतं, तसंच. आत्ताच्या अक्षराखाली आधीचं, त्याच्याखाली त्याआधीचं, जरा जरा सरकलेलं, दाट जाळं झालेलं. ट्यूबलाइटखाली धरून वाचत बसले. उत्तरं बदललेली नव्हती. एकही नाही. पहिल्या ओळीत "श्रावण" चार वेळा लिहिलेला. चारही वेळा बरोबर. एका श्र ची गाठ जरा मोठी, एकाचा ण थोडा खाली गेलेला, एकात तर मला काहीच खोट दिसली नाही. खाली "हिरवीगार" तीनदा, तीनही बरोबर. पानभर शोधलं, खरी चूक एकच, "पाउस". आणि तो ऱ्हस्व उ त्याने खोडलाच नव्हता.

निवृत्त_बाई | २८ जुलै, सकाळी ६:५०

रात्री वाचलं असतं तर झोप लागली नसती. त्याला ते पान दाखवलंत का?

घाईतली_आई | २८ जुलै, रात्री १०:०५

दाखवलं. आधी पाच मिनिटं नुसतं फ्रीजरचं कौतुक. मग म्हटलं, हे चारही श्रावण बरोबर आहेत, खोडलेस का? म्हणाला, "ते पेन्सिलीसारखे नाही आले." चौथीच्या वहीचा शेवटचा पाठ काढून दाखवला त्याने मला. तिथे श्रावण होता, दुरेघीत, पेन्सिलीने, टपोरा. त्याच्याशी जुळेपर्यंत खोडत होता.

निवृत्त_बाई | २८ जुलै, रात्री १०:२०

अरुंद ओळीत तो टपोरा श्रावण मावणारच नाही, जन्मभर घासलं तरी. दुरेघी वही आणलीत का तुम्ही? जूनमध्ये सांगितलं होतं.

घाईतली_आई | २८ जुलै, रात्री १०:२४

नाही आणली. पेन आणलं.

निवृत्त_बाई | २८ जुलै, रात्री १०:३८

उद्या आणा. रोज पाच ओळी, साध्या जेलपेनाने, तुमच्यासमोर. पहिला आठवडा दुरेघीत. मग एकेरीत तोच मजकूर, अक्षर मुद्दाम लहान करून. त्याला लहान अक्षर म्हणजे वाईट अक्षर वाटतंय, ते डोळ्याला पटायला हवं. चुकलं तर शब्दावर एक आडवी रेघ, पट्टी लावून हवं तर, आणि पुढे. मी वर्गात एका पानाला तीन रेघा माफ करायचे, चौथीला तो शब्द पाच वेळा. मुलं मग रेघा साठवून ठेवायची, खर्च करायची नाहीत. तुमच्या शाळेतल्या बाईंशी बोला, त्या हो म्हणतील. खाडाखोड म्हणजे त्यांना ते काळं गिरमिट नको असेल, एक रेघ चालते.

पेन काढून घेऊ नका. नकाशात नावं भरायला, गणिताच्या कच्च्या कामाला राहू दे त्याच्याकडे.

लालबागचा_दुकानवाला | २९ जुलै, सकाळी ९:१०

दुरेघी वही सध्या कमी ठेवतो आम्ही, पण मिळते. घेताना बाहेरची जाडी बघू नका, आतलं पान नखाने चोळून बघा. ७० जीएसएमची थोडी महाग, पण सरावाला तीच घ्या.

हॉट_कटिंग | २९ जुलै, सकाळी ९:३३

एक व्यावहारिक प्रश्न. फ्रीजरमधून काढल्यावर वही भिजली नाही का?

घाईतली_आई | २९ जुलै, रात्री १०:५०

पिशवी न उघडता तासभर बाहेर ठेवली, बाहेरून घाम आला, पानं कोरडी राहिली. मग निबंधाचं पान चिमट्यात धरून इस्त्रीवरून लांबून फिरवायचा विचार केला, म्हणजे खालचं सगळं परत लपेल. वेळेवर लक्षात आलं की वरचंही लपेल. तशीच पाठवली शाळेत. बाईंनी त्या जाळ्यावर मोठं प्रश्नचिन्ह काढलंय आणि खाली लिहिलंय, "पालकांनी भेटावे." शुक्रवारी जातेय. वहीला अजून मटारचा वास येतोय, तेवढं काय सांगायचं ते सुचवा.

परळकर | २९ जुलै, रात्री १०:५२

सांगा, कच्चं काम होतं, उकडायचं राहिलं.